हौसेला मोल नसते, बाजारातही!

पिकअप गाडी घरी येते तेव्हा ती कारखान्यातून निघालेल्या हजारो गाड्यांपैकी एक असते. पुढच्या सहा महिन्यांत ती मालकाची होते. मालवाहतूक करणारा हौद्याच्या बाजू उंच करून घेतो, तळाला जाड पत्रा टाकतो, मागच्या पाट्यांमध्ये एकदोन पाटे वाढवतो, टपावर कॅरिअर बसवतो आणि फाळक्यावर मुलांची नावे रंगवून घेतो. हौशी मालक रुंद टायर, मिश्रधातूची चाके, उंच केलेले सस्पेन्शन, लोखंडी बंपर, दिव्यांची पट्टी आणि दोर ओढणारी विंच असा साज चढवतो. दोघांचाही खर्च पाहता पाहता लाखाच्या घरात जातो. चारपाच वर्षांनी गाडी बदलण्याची वेळ येते. शोरूममधील मूल्यमापक गाडीभोवती एक फेरी मारतो, वाकून खाली पाहतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यात मालकाच्या लाखभर खर्चाचा मागमूसही नसतो. अनेकदा तो आकडा तशाच वयाच्या, पण अजिबात न बदललेल्या गाडीपेक्षाही कमी असतो.

मालकाला यात फसवणूक दिसते. मूल्यमापकाने भाव पाडण्याचा प्रयत्न केलेला असणे अशक्य नाही. पण बहुतेक वेळा या आकड्यामागे एक सरळ हिशेब असतो आणि तो गाडी विकताना नव्हे, तर गाडीत पहिला बदल करतानाच समजून घेणे हिताचे ठरते. ‘हौसेला मोल नसते’ ही म्हण जुन्या गाड्यांच्या बाजारात अक्षरशः खरी होते.

मूल्यमापक काय पाहतो?

जुनी गाडी घेऊन नवी देणारा विक्रेता जुन्या गाडीचा शेवटचा मालक होणार नसतो. त्याला ती काही आठवड्यांत पुढे विकायची असते. त्यामुळे तो उलट्या दिशेने हिशेब करतो. ही गाडी पुढचा ग्राहक कितीला घेईल, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्या रकमेतून दुरुस्ती व रंगरंगोटी, गाडी जागेवर उभी राहील तेवढ्या दिवसांचा खर्च व व्याज, कागदपत्रांचा खर्च, स्वतःचा नफा आणि कर वजा केला की उरतो तो मालकाला सांगितला जाणारा भाव.

बदललेल्या गाडीबाबत हा हिशेब दोन ठिकाणी बिघडतो. पहिले म्हणजे ग्राहक कमी होतात. साध्या हौद्याची पिकअप भाजीवाला, बांधकाम साहित्याचा दुकानदार, गॅस वितरक, मंडपवाला यांपैकी कोणीही घेऊ शकतो. तीच गाडी एखाद्याने खाद्यपदार्थांच्या फिरत्या दुकानात रूपांतरित केली असेल, तर तोच व्यवसाय करू इच्छिणारा ग्राहक मिळेपर्यंत थांबावे लागते. शेगडीची जागा, पाण्याची टाकी, खिडकी, स्टीलचा ओटा या साऱ्यांवर झालेला खर्च मोठा असतो. पण मंडपवाल्याच्या दृष्टीने ते सारे उपटून टाकायचे सामान असते. दुसरे म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणण्याचा खर्च मालकाच्या भावातून वजा होतो. जो बदल करण्यासाठी मालकाने पैसे मोजले, तो काढण्याचे पैसेही अखेर त्याच्याच खिशातून जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मालकाने नऊ लाखांची पिकअप घेतली आणि तिच्यावर दीड लाख रुपये खर्च केले. पाच वर्षांनी तशाच, न बदललेल्या गाडीला बाजारात साडेचार लाख मिळतात असे धरू. मालकाची अपेक्षा असते की, खर्चाचे निदान निम्मे पैसे तरी वसूल व्हावेत, म्हणजे सव्वापाच लाख मिळावेत. मूल्यमापकाच्या लेखी मात्र जादा पाटे काढणे, मूळ मापाचे टायर टाकणे आणि टपावरील जोडकामाची भोके बुजवून रंग देणे यांचा खर्च तीस हजार. त्याचा भाव चार लाख वीस हजार. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण त्यांच्यात एक लाख पाच हजारांचे अंतर आहे. मालक आपला खर्च मोजतो आहे आणि बाजार पुढच्या माणसाची गरज मोजतो आहे.

बदल म्हणजे साक्षीपुरावा

याहून महत्त्वाची एक गोष्ट मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. जाणकार ग्राहकासाठी गाडीतील प्रत्येक बदल म्हणजे ती कशी वापरली गेली याची साक्ष असते. मागे जादा पाटे दिसले की गाडी मजबूत केली आहे असे तो मानत नाही. ती सतत क्षमतेपेक्षा जास्त भरली गेली, असा अर्थ काढतो. मग तो चासीवर वेल्डिंगच्या खुणा शोधतो, मागच्या धुऱ्याची अवस्था पाहतो, टायर आतल्या बाजूने झिजले आहेत का ते तपासतो. उंच केलेले सस्पेन्शन आणि दगडाळ वाटांसाठीचे टायर दिसले की त्याला घाटवाटा, नदीपात्रे आणि क्लचवर पडलेला ताण आठवतो. वायरिंगला जागोजागी चिकटपट्टी लावून दिवे आणि ध्वनियंत्रणा जोडलेली असेल, तर विजेच्या बिघाडाची आणि आगीची भीती त्याच्या मनात येते. गाडी प्रत्यक्षात कितीही जपून वापरली असली, तरी ही साक्ष मालकाच्या शब्दांपेक्षा वजनदार ठरते.

जादा पाट्यांनी गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजन तेच राहते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे पाटे वाढवणारा मालक पैसे मोजून जी ‘क्षमता’ विकत घेतो, ती तो विकताना पुढच्या ग्राहकाला अधिकृतपणे देऊच शकत नाही.

आरसी बुक हाच खरा आरसा

बाजारातील हिशेबाच्या मुळाशी कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत असा बदल की ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्यच बदलते, अशी ‘बदल’ या शब्दाची व्याख्या याच कलमात दिलेली आहे. केरळमधील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने रचनात्मक बदलांना मोकळीक दिली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांच्या पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी संरक्षक दांड्यांविरुद्ध, अर्थात ‘बुल बार’विरुद्ध, कारवाईचे निर्देश राज्यांना दिले होते.

कायद्याने सारेच दरवाजे बंद केलेले नाहीत. मान्यताप्राप्त संच वापरून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर वाहन चालवण्यासाठी केलेला बदल नियमांच्या चौकटीत करता येतो. अपंग व्यक्तीला चालवता यावे म्हणून करायच्या बदलांनाही परवानगी मिळू शकते. मंजुरी घेऊन केलेला बदल चौदा दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी प्रमाणपत्रावर त्याची नोंद करून घ्यावी लागते. गाडीचा रंगही नोंदणीत लिहिलेला असतो. त्यामुळे पांढरी गाडी हौसेने काळी केली आणि नोंद बदलली नाही, तर विक्रीच्या वेळी हा फरक अडथळा ठरू शकतो.

येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. नवी गाडी ‘कॅब-चासी’ स्वरूपात, म्हणजे हौद्याविना घेतली आणि मान्यताप्राप्त कारागिराकडून तिच्यावर बॉडी बांधून घेतली, तर बांधणीचे प्रमाणपत्र (नमुना २२-ए) पहिल्या नोंदणीच्या वेळीच जोडले जाते. अशी बंद पेटीची किंवा विशेष बांधणीची गाडी ही ‘बदललेली’ गाडी नव्हे. ती तशीच जन्मलेली असते. तिच्या नोंदणीत बॉडीचा प्रकार लिहिलेला असल्याने पुढच्या ग्राहकाला ती निःशंकपणे घेता येते. याउलट, उघड्या हौद्याची म्हणून नोंदलेली गाडी दोन वर्षांनी कोणा गॅरेजमध्ये बंद करून घेतली, तर बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या दोन गाड्यांच्या भावात मोठे अंतर पडते. फरक पत्र्याचा नसतो, कागदाचा असतो.

पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला तर ही परीक्षा वारंवार द्यावी लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच बाजाराच्या भाषेत ‘पासिंग’, करून घ्यावे लागते. पासिंगला अडेल असा बदल असलेली गाडी घेणे म्हणजे पुढची कटकट विकत घेणे, हे व्यापारी जाणतात. म्हणूनच ‘पासिंग ताजे आहे’ हे एक वाक्य चकचकीत चाकांच्या संचापेक्षा अधिक भाव मिळवून देते.

विम्याचा आकडा आणि बाजाराचा आकडा

विम्याच्या कागदावर लिहिलेली रक्कम हाच गाडीचा भाव, असाही एक समज आहे. विम्यातील घोषित मूल्य ठरावीक घसाऱ्याने काढले जाते. गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरण्याची पद्धत रूढ आहे. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने आकडा ठरतो. हा आकडा चोरी किंवा संपूर्ण नुकसानीची भरपाई ठरवण्यासाठी असतो. बाजारभाव त्याहून कमी किंवा जास्त असू शकतो.

बदल केलेल्या गाडीच्या मालकासाठी येथे आणखी एक खाच आहे. बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे किंवा इतर जोडणी विमा पॉलिसीत वेगळी नोंदवून त्यांचा हप्ता भरला नसेल, तर त्यांची भरपाई मिळत नाही. मोठा बदल विमा कंपनीपासून लपवला असेल, तर मूळ दाव्यावरही वाद उभा राहू शकतो. म्हणजे हौसेवर झालेला खर्च विकताना मिळत नाही आणि गाडी गेली तरीही मिळत नाही, अशी दुहेरी अवस्था ओढवते.

नव्या कराचा जुन्या गाडीवर परिणाम

गेल्या काही काळातील दोन करबदलांनी जुन्या पिकअपच्या भावाचे गणित हलवले आहे. पहिला बदल जानेवारी २०२५ मधील. जीएसटी नोंदणी असलेल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला सर्व प्रकारच्या जुन्या वाहनांवर १८ टक्के कर लागू झाला. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या खरेदी आणि विक्री किमतीतील फरकावर असतो. चार लाखांना घेतलेली गाडी त्याने चार लाख साठ हजारांना विकली, तर साठ हजारांवर १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये कर होतो. फरक उणे असेल तर कर नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्या व्यक्तीला थेट विकली, तर हा कर लागत नाही. थेट विक्रीत अधिक रक्कम मिळण्याचे हे एक कारण आहे. मात्र, नोंदणीकृत व्यावसायिकाने धंद्याची पिकअप विकताना नियम वेगळे लागतात. गाडी घेताना कराचा परतावा, म्हणजे ‘इनपुट क्रेडिट’, घेतला असेल तर फरकावर कर भरण्याची सवलत मिळत नाही. त्यामुळे सौदा करण्याआधी लेखापालाला विचारणे शहाणपणाचे.

दुसरा बदल २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा. त्या दिवशी नव्या मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी आठ लाख रुपये किंमत असलेली गाडी आधी १० लाख २४ हजारांना पडत होती. ती ९ लाख ४४ हजारांवर आली. नव्या गाडीची किंमत अशी ऐंशी हजारांनी उतरली की जुन्या गाडीचा भावही खाली ओढला जातो, कारण दोन्हींतील अंतर फार कमी राहिले तर ग्राहक थोडे कर्ज वाढवून नवीच गाडी घेतो. जुन्या दराने गाडी घेतलेल्या आणि वर लाखभर खर्च केलेल्या मालकाला म्हणूनच हा धक्का अधिक जाणवतो.

‘एक्सचेंज बोनस’चे मृगजळ

शोरूममध्ये सांगितला जाणारा ‘एक्सचेंज बोनस’ अनेकांना भुरळ घालतो. जुन्या गाडीला बाहेरच्यापेक्षा वीस हजार कमी भाव द्यायचा आणि पंचवीस हजारांचा बोनस जाहीर करायचा, असे झाले तर प्रत्यक्ष लाभ पाचच हजारांचा असतो. म्हणून तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत: जुन्या गाडीचा निव्वळ भाव, बोनस आणि जुनी गाडी न देता मिळणारी रोख सूट. नवी गाडी घरी आणण्यासाठी खिशातून एकूण किती रक्कम जाते, एवढीच तुलना अखेर खरी असते. निदान तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय होकार देऊ नये. बदललेल्या गाडीसाठी तर हे अधिकच आवश्यक. कंपनीच्या शोरूमला जी विंच किंवा कॅनोपी निरुपयोगी वाटते, तिचे मोल डोंगरवाटांवर गाडी नेणाऱ्या हौशी ग्राहकाला कळते. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांचा चाहतावर्ग लहान असला तरी जाणता आहे.

याच कारणाने, काढता येण्याजोगे सामान गाडीसोबत देण्याऐवजी वेगळे विकणे बहुधा फायद्याचे ठरते. चाकांचा संच, टपावरील तंबू, विंच, दिवे यांना स्वतंत्र गिऱ्हाईक मिळते. पण त्यासाठी कारखान्यातून आलेली चाके, टायर, बंपर आणि स्प्रिंगा जपून ठेवलेल्या असाव्या लागतात. नवे बसवताना जुने भंगारात देणारा मालक नेमकी हीच संधी गमावतो.

भाव राखणारे बदल

सारेच बदल तोट्याचे असतात असे नाही. हौद्याच्या तळाला टाकलेला जाड पत्रा, गंजरोधक लेप, ताडपत्रीसाठी नटबोल्टने बसवलेली आणि सहज काढता येणारी कमानींची चौकट, दर्जेदार आसनकव्हरे यांनी गाडी टिकते आणि पुढच्या कोणत्याही ग्राहकाच्या कामी येते. त्यांचा खर्च पूर्ण वसूल होत नाही, पण ‘गाडी सांभाळलेली आहे’ ही खात्री त्यातून मिळते. नोंदणीवर चढवलेला मान्यताप्राप्त सीएनजी संच आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचे प्रमाणपत्र जवळ असेल, तर गाडीची मागणी वाढू शकते. तोच संच नोंदीविना असेल तर भाव पडतो.

कोणताही बदल करण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा बदल कापाकापी न करता उलटवता येईल काय? त्याची नोंद नियमानुसार होऊ शकते काय? आणि आपला व्यवसाय न करणाऱ्या माणसालाही तो उपयोगी पडेल काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो खर्च गाडीच्या किमतीत धरू नये. तो स्वतःच्या वापरापुरता झालेला खर्च समजावा आणि तेवढ्या वर्षांत त्यातून कमाई किंवा आनंद मिळणार असेल, तरच करावा.

व्यवहार पूर्ण कधी होतो?

गाडी विकली, पैसे मिळाले आणि किल्ली दिली म्हणजे व्यवहार संपला, ही समजूत सर्वांत घातक आहे. नमुना २९ व ३० भरून नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तोच राहतो. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. कर्ज फिटले असेल तर नमुना ३५ देऊन नोंदणीवरील बोजा उतरवून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात प्रकरणात, गाडी अनेक हातांतून गेलेली असूनही नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. नियमबाह्य बदल असलेली गाडी नाव न बदलता दुसऱ्याच्या हाती गेली, तर दंडाची पहिली नोटीसही जुन्याच पत्त्यावर येणार.

व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना आता एक आधार उपलब्ध आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना मालकाने दिली की, पुढील विक्रीपर्यंत त्या गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. भावात दोनचार हजारांची घासाघीस करताना ही पावती मात्र विसरली जाते. वर्षानुवर्षे सजवलेल्या गाडीने किती पैसे परत दिले, याचा हिशेब एका संध्याकाळी संपतो. कागद अपुरा राहिला तर तिची जबाबदारी मात्र गाडी नजरेआड झाल्यानंतरही मालकाच्या नावावर धावत राहते.